बोरघाटाच्या वरून आलेला किरण
कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाउसं वाढली, तशा त्यांच्या पाट्याही बदलल्या. पेंटरच्या कुंचल्यातून उतरणारी अक्षरं आता ॲक्रिलिक नाहीतर एमडीएफमध्ये लेझरने कापून येतात. असं काम करणाऱ्या छोट्या मशिनीत बहुधा काचेची लांब नळी असते आणि नळीत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, हेलियम. या नळीचं कूळ शोधायचं तर बोरघाट चढून बारामती गाठावी लागते.

चंद्र कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८चा. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला आणि पुढे बेल लॅब्जमध्ये गेले. १९६४ साली तिथेच त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे आणला. मेमन या शास्त्रज्ञाचा माणकाचा लेझर त्याआधीचा, १९६०चा. पण त्याचा प्रकाश तुटक स्पंदांनी यायचा. पटेलांचा झोत सलग होता. खरी करामत नायट्रोजनची. विजेने त्याचे रेणू थरथरू लागतात आणि ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतात. दोघांच्या ऊर्जेचं माप जवळजवळ जुळतं, म्हणून हे साधतं. बारामतीचं नाव ऊस आणि राजकारणासाठी निघतं, ते यासाठीही निघायला हवं.

त्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, पण कशाचं काय होणार हे या आकड्यावर ठरतं. ॲक्रिलिक तो पुरता शोषून घेतं, वितळून वाफ होतं आणि कड काचेसारखी चकचकीत निघते. लाकूड मात्र जळतं. एमडीएफची कड काळपट. बोट फिरवलं की काजळी लागते. प्लायवूडमध्ये डिंकाचा थर दाट आला की किरण अडतो आणि इथल्या पावसाळ्यात फळी वाकली की फोकस चुकतो. काचेवर सूक्ष्म तडे जाऊन पांढुरकं अक्षर उमटतं. पीव्हीसी तर मशिनीत घालूच नये: सुटणारा हायड्रोजन क्लोराइड फुफ्फुसांनाही खातो, मशिनीलाही.

धातू हा किरण बराचसा परतवून लावतो. १९६७मध्ये इंग्लंडात पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडला आणि १ मिलिमीटर पोलाद कापून दाखवलं. बरंचसं काम जळत्या लोखंडानेच केलं. आता पत्र्यासाठी फायबर लेझर आला आहे. त्याची तरंगलांबी सुमारे १ मायक्रोमीटर; धातू ती कितीतरी जास्त शोषतो. पारदर्शक ॲक्रिलिकमधून मात्र हा किरण आरपार निघून जातो, म्हणून पत्रा कापणाऱ्याकडे ॲक्रिलिक नेलं तर तो हात लावत नाही.