धुराची धुलाई

'स्वच्छ कोळसा' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. माझे बालपण एका औष्णिक वीज केंद्राच्या शेजारच्या गावात गेले. दोरीवरचे कपडे काढताना आई ते आधी जोरात झटकायची आणि करडी राख उडायची. पुढे विज्ञानाची पदवी नसतानाही मी या विषयाच्या मागे लागलो, तो त्या 'स्वच्छ' या विशेषणामुळे. कोळसा स्वच्छ करायचा म्हणजे नेमके काय काढायचे?

शोध घेता घेता मी लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रापाशी पोचलो. १९२९ मध्ये थेम्सकाठी त्याचे काम निघाले तेव्हा गंधकयुक्त धुराने जवळच्या इमारती, बागा आणि चित्रे खराब होतील अशी ओरड झाली. त्यामुळे धूर धुऊनच बाहेर सोडायचा, असे ठरले. १९३३ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. धुरावर नदीचे पाणी आणि खडूचे मिश्रण फवारले जाई आणि नव्वद टक्क्यांहून अधिक गंधक निघून जाई. त्या काळी ही मोठीच करामत होती. पण ओला, थंड झालेला धूर उंच न चढता आसपासच उतरू लागला आणि धुलाईचे पाणी पुन्हा थेम्समध्येच जाऊ लागले. धुराची घाण नदीच्या वाट्याला आली.

दुसरी वाट कमी कोळशात तेवढीच वीज काढण्याची. २२१ बार दाब आणि ३७४ अंश सेल्सिअस तापमान यांच्या पलीकडे पाणी उकळत नाही. पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. या 'सुपरक्रिटिकल' अवस्थेवर चालणारा पहिला व्यापारी संच १९५७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, फायलो येथे सुरू झाला. आपल्या कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच याच जातीचे. कार्यक्षमता ३५ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली, तर जिथे १०० टन कोळसा लागे तिथे सुमारे ८३ टन पुरतो. कार्बन वायूही त्याच प्रमाणात घटतो. ही बचत खरी आहे आणि तिला कमी लेखू नये.

मात्र इथेच मला या विशेषणातली मेख सापडली. राख आणि गंधक ही कोळशातली भेसळ. ती काढली तरी कोळसा उरतो. कार्बन म्हणजे तर कोळसाच. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे जाळलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वजन हवेत जाते. तो वेगळा करायचा तर प्रत्येक केंद्राला जोडून दुसरा कारखानाच उभारावा लागतो.

कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात असा कारखाना ऑक्टोबर २०१४ मध्ये उभा राहिला. बाउंडरी डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचाच्या धुरातून वर्षाला दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्याची ती योजना होती; खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर. हा वायू अमाइनच्या द्रावणात शोषला जातो, पण तो पुन्हा मोकळा करायला संचाचीच वाफ लागते; तेवढी वीज कमी होते. ठरलेला आकडा अनेक वर्षे गाठता आला नाही. पकडलेला बराचसा वायू वेबर्नच्या तेलक्षेत्राला विकला गेला. तो जमिनीखाली दाबून तिथले आणखी तेल वर काढले जाते.

हे तंत्र निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. जी केंद्रे उद्या बंद होणार नाहीत, त्यांचा कोळसा वाचवणे आणि धूर धुणे हे शेजारी राहणाऱ्यांचे देणेच आहे. पण कार्यक्षमता वाढवून कार्बन कमी होतो, नाहीसा होत नाही; आणि तो पकडायचा तर वाफ, पैसा आणि पुरायला जागा, तिन्ही लागतात.

म्हणून 'स्वच्छ' हा शब्द दिसला की मी दोन प्रश्न विचारतो : कशापासून स्वच्छ? आणि काढलेली घाण गेली कुठे? आईने झटकलेली राख अंगणातच पडायची. संध्याकाळी तीच ते झाडायची.