पहिल्या तीन गाण्यांपलीकडे

गायक जॉनी कॅशचा, कॅमेऱ्याला मधले बोट दाखवणारा फोटो अनेकांनी पाहिला असेल. तो १९६९ साली सॅन क्वेंटिन तुरुंगात जिम मार्शल (१९३६–२०१०) याने टिपला. ‘तुरुंगाधिकाऱ्यासाठी एक फोटो काढू या,’ असे त्याने सुचवले. कॅशचे उत्तर हे!

असा क्षण नुसत्या उत्तम लायका कॅमेऱ्याने मिळत नाही. रंगमंचामागे कुठेही मज्जाव नको, ही मार्शलची अट असे. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सची अखेरची तिकिटाची मैफल झाली, तेव्हाही तो पडद्यामागे होता.

पुढे मोठ्या मैफलींत छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांपुरतीच परवानगी देण्याचा रिवाज पडला. मार्शलला २०१४ साली मरणोत्तर ग्रॅमी सन्मान लाभला. कॅमेरे सुधारले, पण कलावंताने विश्वासाने उघडे ठेवलेले दार मात्र दुर्मिळ झाले.