विमानतळावरचा पंक्तिप्रपंच

गगनविहारी मेहता हे भारताचे अमेरिकेतील राजदूत. ऑगस्ट १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर ते सचिवासह जेवायला बसले. वर्ण पाहून त्यांना काळे अमेरिकन समजण्यात आले आणि वेगळ्या खोलीत बसण्यास सांगण्यात आले. टेक्सासचा रिवाजच तसा होता. हे वाचले तेव्हा मला आमच्या गावच्या उत्सवातली, देवळाबाहेर अंगणात बसवली जाणारी पंगत आठवली.

राजदूत म्हटल्यावर चक्रे फिरली. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण मेहता खरोखरच काळे अमेरिकन असते तर? त्या वेगळ्या खोलीत जाणे ज्यांच्या रोजच्याच वाट्याला होते, त्यांच्याकडे दिलगिरीचे पत्र गेले नाही. त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. मेम्फिसच्या विमानतळावरील उपाहारगृहाने जेसी टर्नर यांना गोऱ्यांच्या बरोबरीने वाढण्यास नकार दिला. ते लढले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

पाट्या उतरल्या, तरी संशय उरलाच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७-९८ मधील कस्टमच्या झडत्या तपासल्या. अंगझडतीनंतर क्ष-किरण तपासणी होण्याचे प्रमाण काळ्या नागरिक स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांच्या नऊपट होते. चोरटा माल सापडण्याचे प्रमाण मात्र निम्म्याहूनही कमी!

मेहतांच्या अपमानाने आपण संतापतो, ते योग्यच. पण अंगणातल्या त्या पंगतीची माफी आमच्या गावाने अजून मागितलेली नाही. मीही नाही.