खानदेशातील ‘हॅव’चे अध्ययन

१८१८ साली खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यास मुख्य ठाणे केले, तेव्हापासून वरिष्ठ कचेरीचा कारभार इंग्रजीत आणि तालुक्याचे दफ्तर मोडीत, अशी वहिवाट दीर्घकाळ चालली. सरकारी नोकरीची वाट इंग्रजीतून जात असल्यामुळे कुणब्याचा मुलगाही इंग्रजी शाळेत येऊ लागला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्याच्या दप्तरात आली.

त्या पाठमालेची शिस्त मला आजही आदरणीय वाटते. परंतु मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे, या तिच्या रीतीत विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी असल्याचे गृहीत धरलेले होते; खानदेशातील असंख्य मुलांची ती अहिराणी होती. ‘हॅव’ हे अगदी साधे क्रियापद घ्या. ‘त्याले दोन भाऊ शेतस’ असे घरी बोलणारा मुलगा प्रथम ‘त्याला दोन भाऊ आहेत’ असे प्रमाण मराठीत म्हणावयास शिके आणि मगच इंग्रजीकडे वळे. अहिराणीत काय, मराठीत काय, क्रियापद भावांच्या संख्येप्रमाणे चालते. एक भाऊ असता ‘शे’, दोन असता ‘शेतस’. इंग्रजीत ते ज्याचे भाऊ त्याच्याप्रमाणे चालते, भाऊ कितीही असोत. म्हणून भाऊ दोन दिसताच मुलगा ‘ही हॅव टू ब्रदर्स’ असे लिही. त्या चुकीमागे त्याच्या भाषेचे निर्दोष व्याकरण उभे होते, अज्ञान नव्हे. ‘ही हॅज, दे हॅव’ असे नुसते घोकून घेण्याने हा भेद त्याच्या ध्यानी कसा यावा? कर्ता बदलला आहे, एवढे एकदा फळ्यावर दाखविले असते, तर पुष्कळ मुलांचे कष्ट वाचले असते.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. मुलाच्या मनापर्यंत गेल्यावाचून विद्या पोहोचत नाही, ही त्यांची निष्ठा या प्रांताने जवळून पाहिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत लांबविण्यात आला. पुढे २००० साली महाराष्ट्रात ती पहिलीपासून सुरू झाली. इंग्रजीची वर्षे अशी कमीअधिक होत गेली; प्रश्न मात्र शिकविण्याच्या रीतीचा आहे. माझे आग्रहाचे मागणे इतकेच की, खानदेशातील शाळेत ‘हॅव’चा पाठ घेताना फळ्यावर पहिले वाक्य अहिराणीचे असावे, त्याखाली मराठी, आणि त्यानंतर इंग्रजी.