जुनापाणीचीं शिलावर्तुळें

नागपुराहून काटोलच्या वाटेस लागलें म्हणजे जुनापाणीच्या माळावर काळ्या धोंड्यांचीं रिंगणें दिसूं लागतात. अशीं सुमारें ३०० वर्तुळें तेथें आहेत. गुराख्यास तो नुसता दगडांचा पसारा वाटावा. वस्तुतः तीं थडगीं होत. कडेनें मोठाले धोंडे, आंत माती-गोट्यांची भर आणि भरीखालीं मृताच्या अस्थि, मडकीं व हत्यारें, अशी त्यांची रचना असते.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानें १८७९ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे खळगे रांगेनें कोरलेले आहेत. युरोपांतील पाषाणांवरील खुणांशीं त्यांचें साम्य त्याच्या नजरेंत भरलें. त्या काळीं साम्य दिसलें, कीं नातें जोडण्याची विद्वानांस मोठी घाई होई!

साम्य खोटें नाहीं. डेन्मार्कच्या शेतांतूनही धोंड्यांनीं वेढलेले उंचवटे आढळतात. मध्यें उभ्या शिळांवर प्रचंड आडवी शिळा ठेवून मृताची कोठडी केलेली असते. परंतु तीं थडगीं इ. स. पूर्व ३५०० च्या सुमाराचीं, नवाश्मयुगांतलीं. बांधणाऱ्यांस लोखंड ठाऊकच नव्हतें. त्यांच्या कुऱ्हाडी गारगोटीच्या.

विदर्भांत कुदळीनें निराळीच हकीकत सांगितली. थापर यांनीं १९६१-६२ मध्यें जुनापाणी येथें तीन वर्तुळें खणलीं, पुढें डॉ. शां. भा. देव यांनीं टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथें उत्खननें केलीं. जागोजाग लोखंड निघालें: कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम. माहुरझरीस तर घोड्याच्या मुखावर चढवावयाचा तांब्याच्या पत्र्याचा साज मिळाला. धन्याबरोबर त्याच्या वाहनाचाही मान राखणारे हे लोक केवळ रानटी होते, असें कोण म्हणेल? पेंच नदीकांठच्या नायकुंडास लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. अर्थात् हें लोखंड येथेंच तयार होत होतें. हीं वर्तुळें इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या सहस्रकांतलीं. दोहोंत अंतर अडीच हजार वर्षांचें. तेव्हां नात्याची गोष्ट सोडावी हें बरें.

डेन्मार्कमध्येंही रस्त्यांसाठीं व शेतीसाठीं पुष्कळ थडगीं फुटलीं. १९३७ च्या कायद्यानें उरलेल्यांस सरसकट संरक्षण मिळालें. जुनापाणीचीं वर्तुळें संरक्षित स्मारकांत मोडतात. माळोमाळ विखुरलेल्या इतर पुष्कळ वर्तुळांस मात्र तो आधार नाहीं, आणि त्यांचे धोंडे पायांत घालावयास फार सोयीचे आहेत.