खोक्यातून आलेली प्रयोगशाळा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची आमची प्रॅक्टिकल्स 2020-21 मध्ये मोबाईलवर झाली. रीडिंग्ज पीडीएफमधून यायची, आम्ही ती जर्नलमध्ये उतरवायचो, सही मिळायची. मार्कही चांगले पडले. पीएचडीला आल्यावर पहिल्यांदा ब्युरेट हातात घेतली तेव्हा काय झालं ते इथे लिहीत नाही! पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. लांबून विज्ञान शिकवताच येत नाही, की आम्हाला ते नीट शिकवलं गेलं नाही?

उत्तर शोधताना ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीपाशी जाऊन पोचलो. 1963 मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात रेडिओ-टीव्हीवरून पदवी शिक्षण द्यायची कल्पना मांडली. ते पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या त्यांच्या मंत्र्यांनी ती तडीस नेली. ली स्वतः खाणकामगाराच्या घरातल्या. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नको, पण पदवी मात्र इतर विद्यापीठांच्या तोडीचीच हवी, यावर त्या ठाम राहिल्या. 1969 मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी 1971 मध्ये सुमारे 24 हजार विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. नेमका त्याच महिन्यात ब्रिटनभर टपाल संप झाला आणि तो मार्चपर्यंत चालला. पोस्टावर विसंबलेल्या विद्यापीठाचं नशीब बघा!

आपल्याला वाटतं, हे सगळं बीबीसीच्या कार्यक्रमांवर चाललं. खरं तर विद्यार्थ्याच्या वेळेचा अगदी छोटा भाग टीव्हीपुढे जायचा. बाकीचा अभ्यास पोस्टाने आलेल्या छापील पाठांवर. आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या घरी एक खोकं यायचं. त्यात रसायनं, काचसामान आणि तळहातावर मावेल असा प्लास्टिकचा सूक्ष्मदर्शक असायचा. प्रयोग स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायचे आणि कोर्स संपला की सामान परत पाठवायचं. उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या नेहमीच्या विद्यापीठात राहून खऱ्या लॅबमध्ये काम करायचं. म्हणजे जे लांबून जमणार नाही ते जमतंय असं सोंग त्यांनी केलं नाही.

पाठ कोणी एकटा प्राध्यापक लिहीत नसे. विषयतज्ज्ञ, संपादक, बीबीसीचे निर्माते एकत्र बसून एकमेकांचे मसुदे फाडून काढायचे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर ट्यूटर सविस्तर शेरे लिहायचा आणि ते शेरे कसे लिहिलेत हे विद्यापीठ नमुन्यादाखल तपासायचं. शिकवणाऱ्याची तपासणी!

आता 2012 कडे या. एमआयटीचा सर्किट्सचा मोफत ऑनलाइन कोर्स सुरू झाला. नोंदणी सुमारे 1 लाख 55 हजार, प्रमाणपत्र मिळालेले 7,157. म्हणजे पाच टक्केही नाहीत. बरेच जण हा आकडा दाखवून ‘ऑनलाइन शिक्षण फसलं’ म्हणतात. संशोधनाच्या वाटेवर असाल तर इथे थांबा. एक क्लिक करून नोंदणी केलेला माणूस आणि पैसे भरून पदवीला बसलेला माणूस एकाच छेदात कसे घालणार? त्यातल्या कित्येकांना कोर्स पूर्ण करायचाच नव्हता. पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी मोजायला सोपी, म्हणून ती गुणवत्ता ठरत नाही. शेऱ्यांचा दर्जा मोजणं अवघड, म्हणून तिकडे फारसं कोणी जात नाही.

आपल्याकडे खुल्या विद्यापीठांची परंपरा जुनी आहे. इग्नू 1985 ची, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. 2017 मध्ये आलेल्या ‘स्वयम्’च्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यांकन असे चार भाग आहेत. कागदावर रचना चांगलीच आहे. तुमच्यापैकी कोणाला या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर व्हिडिओच्या दर्जापासून सुरुवात करू नका. चर्चेच्या भागात जा, एक कोर्स निवडा आणि बघा: विद्यार्थ्याने चुकीचं काही लिहिलं तर उत्तर किती दिवसांनी येतं, आणि त्यात नुसतं बरोबर उत्तर असतं की चूक कुठे झाली तेही असतं? एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील.

माझं एमएस्सीचं जर्नल अजून कपाटात आहे. परवा ते काढून चाळलं. प्रत्येक पानावर सही आहे, शेरा एकाही पानावर नाही.