टाळेबंदीतील दूरदर्शन मालिका (२०२०)

कोविड साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर दूरदर्शनने जुन्या मालिकांचे केलेले पुनःप्रसारण. त्याआधीच, मार्चच्या मध्यानंतर, मुंबईतील मालिकांची चित्रीकरणे थांबली होती. २८ मार्चपासून डीडी नॅशनलवर ‘रामायण’ आणि डीडी भारतीवर ‘महाभारत’ रोज दोनदा दाखवण्यात आले. एप्रिलमध्ये डीडी रेट्रो ही वाहिनी सुरू झाली. १६ एप्रिलच्या ‘रामायणा’च्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभून जागतिक विक्रम झाला, असे दूरदर्शनने जाहीर केले. या दाव्यावर वाद झाला.

रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका (१९८७–८८) महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातमधील उंबरगावला चित्रित झाली. तिच्यातील मराठी वाटा मोठा आहे. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर हे प्रत्यक्षातही पती-पत्नी; भरत संजय जोग. ललिता पवारांची मंथरा तर आजही अंगावर येते. तरुणपणी चित्रीकरणात इजा झाल्याने बारीक झालेला डावा डोळा त्यांनी अभिनयाचे हत्यार केला होता. यांपैकी बाळ धुरी वगळता बाकी तिघे २०२० पर्यंत हयात नव्हते. नव्या पिढीने त्यांना प्रथम पाहिले ते असे.

जुन्या मालिकांखेरीज, शाळा बंद असल्याने, दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीने जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका दाखवली. स्मार्टफोन वा इंटरनेट नसलेल्या घरांतील मुलांसाठी तिचे मोल अधिक होते. घर-परिसरातल्या वस्तूंनी करता येतील अशा कृतींवर तिचा भर होता.